पाचव्या अंकाचं सतरावं पान

माझ्याकडे ‘नवाकृती’चे आठही अंक आहेत, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की माणसं बघायला येतात, आणि बघायला येणाऱ्यांचे हात मला आवडत नाहीत. आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. आठही आहेत. फक्त पाचव्या अंकाचं सतरावं पान कोरं आहे. म्हणजे आठही होते, आणि ते पान कोरं होतं.

‘नवाकृती’ हे १९३६ ते ३८ अशी दोन वर्षं गिरगावातून निघालेलं चित्रकलेचं त्रैमासिक. देवादिक नकोत, राजेरजवाडे नकोत, नव्या वळणाची चित्रं छापायची, असा संपादकाचा हट्ट. दुसरा हट्ट त्याहून महागडा. प्रत्येक अंकात एक खराखुरा फोटो, डार्करूममध्ये धुतलेला आणि हाताने चिकटवलेला. शंभर प्रती काढायच्या म्हणजे एकाच फोटोचे शंभर प्रिंट करत बसायचं. आठव्या अंकाला गृहस्थ बुडाले, यात नवल ते काय?

सतराव्या पानावर असाच एक फोटो होता. माझ्या प्रतीतला कुणीतरी काढून घेतलेला. चार कोपऱ्यांना गोंदाचे चार तपकिरी डाग राहिलेत, आणि डावीकडे खालच्या डागापाशी पानाचा नखाएवढा तुकडाच निघून गेलाय. खाली बारीक टाइपात एक ओळ आहे. तिच्यावर मी जाड कागदाची पट्टी लावून ठेवली होती. या अंकाची दुसरी प्रत कुणाकडे असल्याचं माझ्या ऐकिवात नाही, त्यामुळे ती ओळ फक्त मला ठाऊक होती. उद्या कुणी बनावट फोटो घेऊन आला, सोबत मीठमसाला लावलेली एखादी कहाणी घेऊन आला, तर याच ओळीवर त्याला पकडायचं, असा माझा बेत होता.

इतकं सावध राहायला मला काही वेड लागलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर काढली. फोटोचे ठिपके करायचे आणि ठिपक्यांची प्लेट करायची, हा माझा धंदा. कागदावर फोटो दिसतोय की फोटोचं सोंग, हे मी भिंगातून सांगतो. जुन्या मासिकांचा आणि प्रिंट्सचा नाद असलेले ठाण्यापासून पुण्यापर्यंतचे लोक माझ्याकडे माल तपासायला पाठवतात. मी तपासतो आणि एक चिठ्ठी लिहून देतो, खरा किंवा बनावट, खाली सही. माझ्या चिठ्ठीवर आजवर कुणी शंका काढलेली नाही. आमची उमा म्हणते, “तुम्ही लग्नाच्या अल्बमलासुद्धा भिंग लावाल.” लावलं होतं. स्टुडिओवाल्याने दोन फोटोंत तिची साडी हाताने रंगवली होती.

पाचवा अंक मला चौदा वर्षांपूर्वी महेंद्र तेजवाणीने दिला. महेंद्रचं उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये रद्दीचं दुकान. वांगणीला एका बागायतदाराचा जुना बंगला पाडला, तिथली रद्दी त्याने उचलली, आणि गठ्ठ्यात हा अंक आला. त्याला मराठी वाचण्याचा कंटाळा. अंक उघडूनही न बघता त्याने तो माझ्या हातात ठेवला. त्या दिवसापासून मी त्याच्या मागे लागलो, फोटो शोध, फोटो शोध. महिन्यातून एकदा तरी.

गेल्या नोव्हेंबरात त्याचा फोन आला. “धर्मराजभाई, आ जाओ. तुमचा फोटो मिळाला.”

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चौदा वर्षं न मिळालेली वस्तू आत्ताच कशी मिळाली?

दुकानात गेलो तर जीन्सच्या कारखान्यांतून आलेल्या पुठ्ठ्यांच्या ढिगामागे महेंद्र बसला होता. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढला. पाठीवर फ्रेमवाले लावतात तसा खाकी कागद चिकटवलेला. पुढे एक तरुण बाई, डोक्यावर भारा, मागे नदी. माप बरोबर होतं. सहा बाय आठ.

“कुठून आला?”

“त्याच बंगल्यातला. तिथला जुना वॉचमन आहे ना, त्याला पकडला. तो बोलला, त्याच्या बापाने सांगितलेलं, मालकिणीने पुस्तकातून एक फोटो काढून कामवालीला दिला होता. कामवाली बारवीच्या पाड्यातली. फिर क्या, ढूंढता गया.”

“आणि चौदा वर्षांनी वॉचमनला आठवलं?”

“अरे साईं, चौदा वर्षं माझं डोकं कोणी खाल्लं? तुम्हीच ना?”

मग त्याने सांगितलं. कामवालीची मुलगी अजून आहे, भिकीबाई नाव, ऐंशीच्या घरात. आई गेली तेव्हा ही दीड वर्षाची. मावशीने वाढवलं, आणि हा फोटो हातात दिला, ही तुझी आई. पण चुलतभाऊ जन्मभर चिडवायचे, कॅलेंडरमधली बाई भिंतीला लावलीस म्हणून. आईचा दुसरा फोटो नाही आणि तिला पाहिलेलं कुणी उरलेलं नाही.

“म्हातारी पैसे नाही मागत,” महेंद्र म्हणाला. “विकायचा पण नाही तिला. बोलली, तुमचे साहेब शिकलेले आहेत, त्यांना दाखवा. एवढंच विचारा, ही माझीच आई का? तुम्ही हो बोललात तर त्याची कॉपी काढून घ्या, काय पाहिजे ते करा.”

माझा अनुभव असा, की मालाबरोबरची कहाणी जितकी रडवी तितका माल ताजा. आणि पैसे नकोत म्हणणारा विक्रेता तर मला त्याहून भीतिदायक वाटतो.

“तुमच्या पानाखाली काही लिहिलेलं असेल ना?” त्याने सहज विचारलं. “नाव-बिव?”

मी एकदम ताठ झालो. चौदा वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

“तुला कशाला?”

“म्हातारीला सांगायला.”

“आधी फोटो तपासतो. मग बघू.”

महेंद्र हसला. “तुमको भी ना, आईने में भी डुप्लिकेट दिखता है.”

तो फोटो तीन दिवस माझ्या टेबलावर होता. बदलापूरच्या आमच्या घरात दुपारी खिडकीतून चांगला उजेड येतो, त्या उजेडात मी बसायचो.

पहिल्या दिवशी जांभळ्या प्रकाशाची टॉर्च मारली. हल्लीच्या कागदात पांढरेपणासाठी जे रसायन घालतात, ते त्या प्रकाशात निळसर चमकतं. जुना कागद चमकत नाही. हा चमकला नाही. दुसरा कुणी असता तर इथेच पेढे वाटले असते. मला वाटलं, फसवणाऱ्यांना आता ही टॉर्चसुद्धा माहीत झाली. कुठून तरी जुना कोरा कागद पैदा केला असणार.

दुसऱ्या दिवशी भिंग. मोबाइलला लावायचं सूक्ष्मदर्शक आहे माझ्याकडे, त्याने एकेक इंच बघत गेलो. पोत फोटोचा होता. पण वरच्या बाजूला, मधल्या भागात, मला गुलाबी कण दिसले. अगदी बारीक. काळ्या-पांढऱ्या फोटोत गुलाबी कण कुठून येतील? घरगुती प्रिंटरवर काळा-पांढरा फोटो काढला तरी यंत्र काळ्यात गुलाबी, निळी, पिवळी शाई मिसळतं. माझ्या धंद्यातली पहिल्या इयत्तेची गोष्ट आहे ही.

उमा चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. “ही बाई हसतेय की तिला ऊन लागतंय हो?”

“चहा लांब ठेव,” मी म्हणालो. “आणि उजेडातून बाजूला हो.”

तिसऱ्या दिवशी पाणी. कापसाचा बोळा ओला करून फोटोच्या पांढऱ्या कडेवर टेकवायचा. खरा फोटो नुसता चिकट लागतो. प्रिंटरची शाई सुटते. मी बोळा टेकवला आणि उचलला. बोळा गुलाबी झाला होता.

मला आनंद झाला. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली तो फोटो बनावट निघाला, आणि मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. मी फसलो नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नेहमीप्रमाणे चिठ्ठी लिहिली. ‘फोटो बनावट आहे. बाई कोण हा प्रश्नच येत नाही.’ खाली सही आणि तारीख.

महेंद्रच्या दुकानात जाऊन फोटो आणि चिठ्ठी त्याच्यासमोर टाकली. वीस वर्षांच्या ओळखीत जे बोललो नव्हतो ते बोललो. चांगला माल आजवर याच वेळेसाठी देत आलास का, वॉचमन कुठला, म्हातारी कुठली, सगळं नाटक. मी थांबल्यावर महेंद्रने चिठ्ठी वाचायचा प्रयत्न केला, मग ती घडी करून फोटोबरोबर ठेवली.

“म्हातारीची नात येईल संध्याकाळी,” तो म्हणाला. “एमआयडीसीत पॅकिंगला आहे. तिच्याकडे देतो. तुम्ही जा.”

रात्रीपर्यंत त्याचे दोन-तीन मेसेज आले. मी उघडले नाहीत. आता माफी मागत असेल किंवा नवी थाप असेल, असं धरून चाललो. त्याचं नाव फोनमध्ये म्यूट करून टाकलं.

सहा दिवसांनी नातेवाइकांचा पत्ता शोधताना चुकून ते मेसेज उघडले गेले. पहिल्यात फोटो पुढून काढलेला, पण दुकानातल्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा बरोबर बाईच्या तोंडावर आलेला. दुसरा फोटो पाठीचा. नातीकडे द्यायच्या आधी महेंद्रने पाठीवरचा खाकी कागद सोडवला होता. खाली लिहिलं होतं, ‘पीछे देखा था क्या?’

पाठीला चार कोपऱ्यांवर चार तपकिरी डाग होते. एका कोपऱ्याच्या डागाला जाड कागदाचा नखाएवढा तुकडा चिकटलेला.

मी कपाटातून पाचवा अंक काढला. सतरावं पान उघडलं. फोनवरचा तुकडा मोठा आणि आरशासारखा उलटा करून पानातल्या खड्ड्याशेजारी धरला. वर टोक, उजवीकडे फाटलेली तिरकी कड, खाली दोन दाते. माझ्या पानाचाच तुकडा होता तो. एवढं नेमकं कुणीही बनवू शकत नाही, कारण तो खड्डा मी कुणाला दाखवलाच नव्हता.

तो खाकी कागद तीन दिवस माझ्यासमोर होता. तो सोडवावा, निदान फोटो पानावर ठेवून बघावा, हे मला एकदाही सुचलं नाही. मी चोर शोधत बसलो होतो.

महेंद्रला फोन केला. त्याने बराच वेळ उचलला नाही. उचलल्यावर मी सगळं सांगितलं, माफी मागितली.

“मला नको सांगू,” तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीवर आला होता. “तिला जाऊन सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंक पिशवीत घालून बदलापूरहून रिक्षा केली. बारवी धरण काठोकाठ भरलेलं. पाड्यावर भाताची झोडणी चालू होती, अंगणाअंगणात पेंढ्याची धूळ. रविवार असल्याने नात घरीच होती. प्रगती तिचं नाव, विशीतली. मी माझं नाव सांगितलं तशी तिचा चेहरा बदलला, पण तिने आत बोलावलं आणि पाणी दिलं.

भिकीबाई भिंतीला टेकून बसली होती. लहान चणीची, डोळे स्वच्छ. तिच्या डोक्यावर भिंतीला दोन फोटो होते, नवऱ्याचा आणि वाळू नावाच्या मुलाचा. दोन्हींच्या काचेवर, कपाळाच्या जागी, लाल कुंकवाचं बोट. दोन्हींच्या मध्ये एक फोटो नसलेला खिळा, आणि भिंतीवर सहा बाय आठचा उजळ चौकोन.

मी त्या दोन कुंकवांकडे बघत राहिलो.

“आईच्या फोटोलाही कुंकू लावायच्या का?” मी प्रगतीला विचारलं.

“रोज. त्याची काच मी लहान असताना फुटली, तेव्हापासून कागदावरच लावायची.” तिने भिंतीवरच्या चौकोनाकडे बघितलं. “तुमच्याकडे पाठवायच्या आधी आजीने ओल्या फडक्याने सगळा फोटो पुसला. म्हणाली, शिकलेल्या माणसाकडं चाललीय, तोंड धुऊन जाऊ दे.”

गुलाबी कण. गुलाबी बोळा. अठ्ठावीस वर्षं शाया ओळखणाऱ्या मला कुंकू ओळखता आलं नव्हतं.

“आजी,” मी म्हणालो, “माझी चूक झाली. फोटो खरा आहे. शंभर टक्के खरा. कुठे आहे तो?”

भिकीबाईने खिळ्याकडे हात केला. खिळ्याला घडी घातलेला कागद टोचलेला होता. माझी चिठ्ठी.

“तुमीच लिवून दिलात ना, खोटा हाय,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. “नातीनं वाचला मना. मग परक्या बाईला कती दीस घरात ठेवायचा? चुलीत घालवंना. म्हनून पान्यात सोडली. परवा. आमचा जुना गाव जिथं बुडलाय ना, तिथं.”

देवाचा जुना फोटो सोडतात तसा तिने तो सोडला होता, हळद-कुंकू वाहून. प्रगतीने हे सांगितलं आणि ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. मग मी तो प्रश्न विचारला, जो मी पहिल्या दिवशी महेंद्रला विचारायला हवा होता, आणि ज्याला फोन करण्यापलीकडे काही लागलं नसतं.

“आजी, तुमच्या आईचं नाव काय?”

“आयचा? भागी.”

मी पिशवीतून अंक काढला. सतरावं पान उघडलं आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणासमोर ती पट्टी काढली. अंक प्रगतीच्या हातात दिला.

तिने आधी मनात वाचलं. मग मोठ्याने. “‘भागी. बारवीकाठ, १९३७.’”

“परत वाच,” भिकीबाई म्हणाली.

प्रगतीने परत वाचलं. म्हातारीने डोळे मिटले. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तिने पुसलं नाही. “मंजे तीच व्हती,” ती म्हणाली. “माजीच आय व्हती, नं मीच तिला घराभायेर काडली.”

“तुम्ही नाही,” मी म्हणालो. “मी काढली.” ते खरंच होतं, पण त्याचा आता कुणाला काही उपयोग नव्हता.

तिने हात पुढे केला. “हा कागूद मना देशील का रे?”

आणि खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. तेव्हासुद्धा, त्या घरात बसून, माझ्या मनात एक क्षण येऊन गेलं, की सगळं यासाठीच तर नव्हतं ना, अंक काढून घ्यायला? इतका मी कामातून गेलेला माणूस आहे. मी मानेनेच हो म्हटलं आणि अंक तिच्या मांडीवर ठेवला.

तिने प्रगतीकडून कुंकवाचा करंडा घेतला. करंगळीशेजारचं बोट त्यात बुडवलं. कोऱ्या पानावर तिने शोधाशोध केली नाही. चार डागांच्या मध्ये, मध्यापासून जरा डावीकडे आणि वर, बोट सरळ गेलं आणि तिथे टेकलं.

बाईचं कपाळ तिथेच होतं का, मी आठवायला लागलो. फोन काढून बघितला. महेंद्रने पाठवलेल्या फोटोत तिथे नुसता ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा होता. त्या तीन दिवसांत मी सूक्ष्मदर्शकातून अकरा फोटो काढले होते. कडा होत्या, कोपरे होते, पोत होता, गुलाबी कण होते. चेहरा एकाही फोटोत नव्हता.